उधाणाला ये

"पडदा सोडा! आधी तो पडदा सोडा!"

मृणालीनं दचकून प्लॅस्टिकचा पडदा सोडला, पण स्वतः मात्र आतच राहिली. एसटीतून उतरून रस्ता विचारायला म्हणून ती पेणजवळच्या जोहे गावातल्या त्या कारखान्यात डोकावली होती. आत दोनशे गणपती ओळीनं बसलेले, आणि त्यांच्यामध्ये एक तरुण श्वास रोखून एका मूर्तीच्या डोळ्यात बारीक ब्रशनं बुबुळ काढत होता.

"वारा लागला का रेघ हलते," तो मान न वळवता म्हणाला. "दोन मिनिटं बसा. डोळ्यांची आखणी चाललीय."

दोन मिनिटं! अहो, मृणालीला दोन मिनिटं स्वस्थ बसवणं देवालाही जमलं नव्हतं. ती फळीच्या टोकाला टेकली आणि सवयीप्रमाणे तिचा उजवा पाय थडथड हलायला लागला.

"मॅडम..."

"काय?"

"पाय. फळी हलतेय. बाप्पा तिरळा झाला तर तुमच्याच गळ्यात बांधीन."

ती खुदकन हसली. तेव्हा कुठं त्यानं वर पाहिलं... आणि लगेच घाईघाईनं ब्रश धुवायला घेतला. ब्रश स्वच्छच होता.

त्याचं नाव जगन. मृणाली ठाण्याच्या एका बांधकाम कंपनीत होती. पनवेलचे भाव लोकांच्या हाताबाहेर गेले, आता सगळे पेणकडे बघतायत. तर खाडीच्या अंगाची सहा एकरांची पट्टी घेऊन तिथं इमारती उठवाव्यात का, हे तिनं पाहून सांगायचं होतं. खरं तर तिच्या साहेबांनी, हितेशनी, मनात कधीच होकार देऊन टाकला होता. तिची फक्त सही हवी होती.

"त्या पट्टीत वीस गुंठे आमचे हायत," जगन म्हणाला. "बारा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात डोळे काढतोय. जमीन विकली गेली का सोताचा कारखाना टाकणार. चला, दाखवतो."

श्रावणातलं भर दुपारचं ऊन. पट्टी हिरवीगार, कोरडी, खाडीवरून मस्त वारा. वडखळचा नाका गाडीनं जवळ, पेणचं स्टेशन जवळ. मृणाली भिंगरीसारखी फिरली, फोटो काढले, पावलं मोजली.

"इथं भात का नाही लावलं?"

"माणसं... कारखान्यात गुंतलेली ना सगळी." जगन दुसरीकडेच बघत होता.

"सांगू का?" ती एकदम थांबली. "मी जन्मापासून भाड्याच्या घरात. अकरा महिने झाले की बोचकी बांधा. नऊ घरं झाली. लोकांना घरं दाखवत फिरते आणि माझं स्वतःचं एक नाही. इथलं पहिलं बुकिंग माझंच. आईला घेऊन येईन. हे बघा, इथं माझं स्वयंपाकघर!"

जगन हातातली गवताची काडी मोडता मोडता थांबला.

"तुमी... सोता राहणार?"

"का? शेजारी म्हणून चालणार नाही?"

"चालंल की," तो म्हणाला. पण हसला नाही.

त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी फोन. आधी तिचे प्रश्न कामाचे होते. एसटी किती वाजता, शाळा कुठं, दवाखाना कसा. गुरुवारपर्यंत प्रश्न संपले. फोन काही संपले नाहीत.

"आज किती डोळे काढलेत?"

"ऐंशी."

"आणि कुणाचे आठवले?"

"...मॅडम, रंग सुकतोय माझा."

"सुकू दे!"

मग मध्येच तो म्हणायचा, "मॅडम, एक सांगायचं व्हतं..." ती मोबाइल कानाशी घट्ट धरायची. "...नाय, काय नाय." असं एकदा नाही, तीनदा. आता यातून कोणती मुलगी काय समजेल? मृणाली मनातल्या मनात मांडे खात बसायची, पाय हलवत, खिडकीपाशी जात, परत येत. एका जागी बूड टेकत नव्हतं.

"सोमवारी सकाळी रिपोर्ट हवा," हितेश म्हणाले. "हो लिहायला किती दिवस लागतात गं?"

शुक्रवारी तिनं तो लिहून टाकला. घरांसाठी जागा उत्तम. पाठवणार इतक्यात मोबाइल वाजला. जगनचा मेसेज.

'रिपोर्ट धाडू नको. उद्या साडेबाराला ये. उधाणाला ये.'

ये! या नाही, ये! उधाण म्हणजे काय ते तिनं विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी, नारळी पौर्णिमेला, ती मोरपिशी कुर्ता घालून जोह्याला उतरली. जगन बांधावर उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. ती हसत वर चढली, आणि हसू ओठांवरच राहिलं.

पट्टी नव्हतीच. पाणी होतं. आभाळात ढगाचं चिरगूट नाही, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या जागी गुडघाभर खारं पाणी गपचूप वर चढत होतं.

"गेल्या शनिवारी अष्टमी व्हती," जगन खाली बघत बोलला. "अष्टमीला भरतीत जोर नसतो. आमी त्याला भांग म्हणतो. जमीन दाखवायची तर इथं सगळी भांगालाच दाखवतात. पुनव-अवसेला खाडीला उधाण येतं. तीन वर्षांमागं बांधाला खांड पडली, तिथनं पाणी आत घुसतं, तवापासून हे असं. भात कसा लावणार?"

"आठवडाभर!" तिचा आवाज चिरकला. "आठवडाभर रोज बोलत होतास, आणि हे नाही सांगितलंस? आणि मी वेडी समजत होते की..."

"काय?"

"काही नाही!"

ती पाठ फिरवून चार पावलं गेली. रागानं, लाजेनं तिचे कान तापले होते.

"तीनदा ओठांवर आलं गो," तो मागून म्हणाला. "सांगितलं का माझा कारखाना गेला. कंपनीला जमीन विकली असती, डोळे मिटून. कंपनी कुठं राहायला येते? पण तू म्हणालीस, आईला घेऊन येईन. तवापासून आखणीला बसलो का पाणीच दिसतं, तू त्यात उभी. चार गणपतींचे डोळे पुसून परत काढले. बारा वर्षांत माझा हात कधी हलला नाय, मृणाली."

ती थांबली. तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं.

"आणि आता तुझा कारखाना?"

"ऱ्हाऊन जाईल. आई चार दिस बोलायची नाय माझ्याशी, येवढंच." तो हसायला गेला, पण जमलं नाही.

मृणालीनं मोबाइल काढला. पाण्याचे फोटो घेतले, 'जागा उत्तम' खोडून 'उधाणाला पाणी शिरतं, इथं घरं नकोत' असं लिहिलं आणि तिथंच उभ्या उभ्या पाठवून दिलं. पाचव्या मिनिटाला हितेशचा फोन. तिनं कट केला. नोकरीचं सोमवारी बघू.

"झालं," ती बांधावर बसत म्हणाली. डोळे भरून आले होते आणि तिला त्याचाही राग येत होता. "आता मी घर कुठं बघू, सांग."

तो थोडं अंतर सोडून बसला. मग तेही अंतर कमी केलं.

"आमचं घर उंचावर हाय," तो हळूच म्हणाला. "तिथवर पाणी कधी आलं नाय."

"भाड्यानं देणार?"

"अकरा महिन्यांचा करार आमी करत नाय."

तिनं मान वर केली. आज त्यानं नजर वळवली नाही. सरळ तिच्या डोळ्यांत बघत राहिला.

पाणी वर चढायचं थांबलं, मग हळूहळू उतरायला लागलं.

"आज पाय हलत नाय तुझा," जगन म्हणाला.

"आता कुठं जायचंय?" मृणाली म्हणाली.