उठवायचं राहिलं

शनिवारी दुपारी धाकटी घरातून निघाली ती आईशी खोटं बोलून. दवाखान्यात आज जादा पेशंट आहेत, यायला सात वाजतील, येताना तुझी धार लावायला दिलेली कात्री घेऊन येते, असं तिनं सांगितलं. त्यातलं कात्रीचं तेवढं खरं होतं.

आई मशीनवर वाकली होती. नाकावर चष्मा, गळ्यात टेप, पायाशी चिंध्या. मान वर न करता ती म्हणाली, "नवा ड्रेस घालून दातांच्या दवाखान्यात? तिथं काय, पेशंटचे दात पाडताना फोटो काढतात?"

"आई, उशीर होतोय मला."

"जा बाई. कात्री मात्र विसरू नकोस. दोरे दातांनी तोडतेय सकाळपासून, मलाच तुझ्या दवाखान्यात यावं लागेल."

तो निळा ड्रेसही आईनंच शिवला होता, दोन रात्री जागून. कशासाठी ते तिनं विचारलं नव्हतं. आईचा स्वभावच तसा. गिऱ्हाईक सांगेल तेवढं माप घ्यायचं, उगाच खोलात शिरायचं नाही. धाकटीनं जिना उतरताना कात्रीची पावती पर्समध्ये चाचपली आणि स्वतःची लाज वाटली. तशी ती दोन वर्षं वाटतच होती, पण सवयीच्या दुखण्यासारखी. आज जरा जास्त ठणकत होती.

गोष्ट अशी होती. दोन वर्षांपूर्वी धाकटीनं अभिनयाच्या कार्यशाळेत नाव घातलं. दवाखान्यात दिवसभर लोकांची नावं लिहून घ्यायची, "पुढचे या" म्हणायचं, याचा तिला कंटाळा आला होता. वाचनालयाच्या वर एक लहानसा हॉल, शिकवणारे एक सर, आणि दर शनिवारी जमणारी दहा-बारा माणसं. कुणी केमिस्ट, कुणी निवृत्त शिक्षिका. सरांचा एक ठरलेला पाठ होता. स्टेजवर एक लाकडी खुर्ची ठेवायची, पाठ प्रेक्षकांकडे करून, म्हणजे खुर्चीत काय आहे ते फक्त नटाला दिसावं. आपल्यातून गेलेलं एखादं माणूस मनानं त्या खुर्चीत बसवायचं आणि जे बोलायचं राहिलं ते बोलायचं.

सरांचे नियम दोनच. जिवंत माणूस बसवायचं नाही. आणि बसवलेल्याला उठवल्याशिवाय स्टेज सोडायचं नाही. "ऊठ, झालं आता, जा," एवढं म्हणायचं आणि मगच उतरायचं. "अर्धवट सोडलं तर नटाच्या डोक्यात राहतं ते," सर म्हणायचे. का, ते कुणी विचारत नसे.

केमिस्टनं त्याचा भाऊ बसवला. शिक्षिकाबाईंनी नवरा बसवला आणि सगळा वर्ग रडवला. धाकटीची पाळी आली तेव्हा तिच्याकडे कुणी नव्हतंच. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती. ज्याचा चेहरा आठवत नाही त्याच्याशी बोलायचं काय? सगळे ताटकळले होते. तिला वाटलं, आपण म्हणजे अगदीच कोरडी पाटी. आणि तिनं आईला बसवलं. घरी मशीनवर खटखट करत बसलेल्या, धडधाकट, त्या सकाळीच भाजी अळणी झाली म्हणून कुरकुरलेल्या आईला.

बोलायला लागली आणि शब्द आपोआप येत गेले. आई मशीनवरच कशी गेली. डावी बाही कशी अर्धी शिवायची राहिली. मशीनचा दिवा कसा जळत होता आणि गळ्यातली टेप कशी जमिनीपर्यंत लोंबत होती. ती टेप! शाळेत असताना आई पालकसभेला तशीच टेप गळ्यात घेऊन यायची आणि धाकटी शरमेनं बाकाखाली शिरायची. तीच टेप आता लोकांना रडवत होती. सरांनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. केमिस्टनं तिला घरापर्यंत सोडायची तयारी दाखवली; तिनं गल्लीच्या तोंडाशीच उतरते म्हणून सांगितलं, कारण पुढे गेलं तर खिडकीतून मशीनचा आवाज ऐकू आला असता.

एका खोट्याला दहा खोट्यांचे टेकू लागतात म्हणतात ते उगाच नाही. कार्यशाळेत असताना आईचा फोन आला तर काय, म्हणून तिनं मोबाइलमध्ये आईचं नाव काढून 'टेलर' लिहिलं. वाजला की म्हणायची, "टेलरचा आहे, ड्रेस तयार झाला असेल." दोन वर्षं हे चाललं. आणि आज कार्यशाळेच्या दहाव्या वर्धापनदिनाला सरांनी शेवटचा प्रवेश म्हणून तिचाच निवडला होता.

कात्री घेऊन ती हॉलवर पोहोचली तेव्हा साडेचार होत आले होते. खुर्च्या भरत होत्या. वॉचमनकाका दारात उभे राहून लोकांना आत सोडत होते. केमिस्टनं भावाचा प्रवेश केला, शिक्षिकाबाईंनी नवऱ्याचा. दोघांनीही शेवटी "जा आता" म्हणून आपापल्या माणसाला उठवलं आणि खाली मान घालून विंगेत आले. पंखे आवाज करतात म्हणून सरांनी बंद करायला लावले होते. हॉल कोंदट झाला होता.

आपली वेळ आली तेव्हा धाकटीनं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला, आई बसली होती.

ठेवणीतले कपडे. केस नीट चोपून बसवलेले. आणि गळ्यात टेप.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला कुणी सांगितलं? ताईनं? ताई दुसऱ्या शहरात राहत असली तरी तिला सगळ्या बातम्या लागायच्या. "सर," ती पुटपुटली, "मला नाही जमणार... आज नाही."

"भीती सगळ्यांनाच वाटते," सर म्हणाले. "आईसाठी कर." आणि त्यांनी तिला हलकेच पुढे ढकललं.

ती प्रकाशात उभी राहिली. समोर खुर्ची, पलीकडे काळोख. तोंड पाठ केलेलं बोलत होतं. "आई, तू गेलीस त्या दिवशी मशीनचा दिवा चालूच होता..." स्वतःचा आवाज तिला चोरासारखा वाटला. प्रत्येक वाक्याला वाटत होतं, हे तिसऱ्या रांगेत ऐकू जातंय. डावी बाही आली. टेप आली. कुणीतरी नाक ओढलं. तिला राहवलं नाही. तिनं मान उचलून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

कडेची जागा रिकामी होती.

गेली. ऐकून, उठून गेली. धाकटीला रडू फुटलं, आणि ते खरं होतं. तेवढ्यात तिला वास आला. मशीनच्या तेलाचा. घरी रोज येतो तोच, हॉलमध्ये ज्याचं काही कारण नव्हतं असा. तिनं नजर खुर्चीकडे वळवली.

आई खुर्चीत बसली होती.

हात मांडीवर. मान किंचित डावीकडे कललेली, गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकताना कलते तशी. चेहऱ्यावर ना राग, ना दुःख. फक्त लक्ष. बाहीची लांबी किती हवी, गळा केवढा, ते सांग, मी ऐकतेय, असं. टेप जमिनीपर्यंत लोंबत होती. धाकटीनं सांगितली होती अगदी तशी.

"ऊठ..." धाकटीनं तोंड उघडलं. पुढे शब्द येईना. आईच्या डोळ्यांत बघून तिला 'जा' म्हणायचं होतं. दोन वर्षं ती दर वेळी सहज म्हणाली होती, रिकाम्या लाकडाला. आई वाट पाहत होती. हॉलही वाट पाहत होता.

धाकटी वळली आणि पळाली. विंगेतून, मागच्या जिन्यावरून, पर्स छातीशी धरून, थेट रस्त्यावर. पाठीमागे टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. लोकांना तो अभिनय वाटला होता. त्या टाळ्यांनी तिला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशानं वाटली नव्हती.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मशीनचा दिवा चालू. आई मशीनपाशी बसलेली, पाठ दाराकडे.

"आई?..."

उत्तर आलं नाही. धाकटी उंबऱ्यातच थांबली. मशीनच्या सुईखाली एक बाही अडकलेली होती. डावी की उजवी, ते तिला पाहायचं नव्हतं.

"कात्री आणलीस?" आई म्हणाली.

धाकटी तिथंच मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. आईनं बसल्या जागेवरूनच मान वळवली. अंगावर ठेवणीतले कपडे होते. पायात चपला. गळा मात्र मोकळा होता.

"अगं, काय झालं? ताईचा फोन आला होता दुपारी. तुझा फोटो कुठल्या जाहिरातीत आहे म्हणाली, नाटकाचा. म्हटलं, पोरीनं सांगितलं नाही तरी जाऊन मागे उभं राहून बघावं. चपलासुद्धा घातल्या. एवढी शिवण मारून घेऊ म्हणून टेकले, तर उठताच येईना. कुणी बसवून ठेवल्यासारखी बसलेय तेव्हाची. टेपही सापडत नाहीये."

मग धाकटीनं सगळं सांगितलं. खुर्ची, बाही, टाळ्या, 'टेलर'. काही लपवलं नाही. आई ऐकत राहिली, मान डावीकडे कलवून. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"किती वर्षं झाली मला जाऊन?"

"आई, नको ना गं..."

"विचारतेय."

"दोन."

"आणि लोक रडतात?"

"हो."

"तू?"

"मीपण. तेव्हा खरंच वाटतं मला."

"मग बरं," आई म्हणाली. "कुणासाठी तरी रडलीस. मला वाटायचं, हिला माझी लाजच वाटते नुसती." ती हसली, पण ओठांनीच. "शेवटी काय म्हणायचं असतं?"

"ऊठ आई. झालं आता..."

"आणि?"

"एवढंच," धाकटी म्हणाली. 'जा' हा शब्द तिनं गिळला. आजच्या दिवसातलं ते शेवटचं खोटं होतं.

"मग म्हण की. पाय आखडले माझे."

धाकटी जवळ गेली. आईचे दोन्ही हात हातात घेतले. गार होते, पण शिवणाऱ्या बाईचे हात गारच असतात. "ऊठ आई," ती म्हणाली, "झालं आता."

गुडघे कडकड वाजवत आई उठली. कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि "चहा टाकते, तोंड धू" म्हणत स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. धाकटीनं डोळे पुसले. तिला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. उद्या सरांना खरं सांगायचं, पुन्हा तोंड दाखवायला जागा राहिली नाही तरी चालेल. आणि नाव बदलायचं, आत्ताच. तिनं पर्समधून कात्री काढून मशीनवर ठेवली आणि मोबाइल हातात घेतला.

तो हातातच वाजला. पडद्यावर 'टेलर'.

आईचा फोन मशीनच्या कडेला चार्जिंगला लावलेला होता. पडदा काळा. धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली आणि आपला फोन तिनं कानाला लावला.

"मॅडम, मी हॉलचा वॉचमन," आवाज दबका होता. "तुमच्या आईनी त्यांच्याच फोनवरून लावायला सांगितला. सगळे गेले, मला कुलूप लावायचंय. पण त्या स्टेजवरच्या खुर्चीतून उठतच नाहीत हो. म्हणतात, मुलीनं बसवलंय, मुलगीच येऊन 'जा' म्हणेल."

"कोण... कुणाबद्दल बोलताय तुम्ही?"

"गळ्यात टेप आहे त्या. तुमच्याच ना?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. भांड्यांचा आवाजही थांबला. मग आतून आईनं विचारलं, अगदी रोजच्या आवाजात,

"हॉलवरून आहे का गं? मला तिथून न्यायला बोलावलंय?"