थँकफुल विन्स्लेडची कबुली

थडग्यावर अचानक ऊन पडलं.

पेनमार्शच्या जुन्या दफनभूमीत मी गवतात गुडघे टेकून बसले होते. जोएल विन्स्लेडच्या दगडावर दिवसभर मेपलची सावली असते. अक्षरं पार झिजलेली... आणि तरी ती उजळली, तिरकी, एकेक.

मागे एक उंच माणूस भला मोठा आरसा धरून उभा होता.

"हलू नका," तो म्हणाला. "म्हणजे... वाचा. मी हलत नाही."

"दाढी करायला इथे येता का?"

"ऊन असेल तेव्हाच."

मी हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

दगडावर जोएलच्या मृत्यूची तारीख होती आणि वय – वर्षं, महिने, दिवस. मी उतरवून घेतलं आणि म्हणाले, "आभारी आहे. मी नोरा विन्स्लेड."

आरसा हलला. ऊन माझ्या चेहऱ्यावर आलं.

"एबेन हॅचर," तो हळूच म्हणाला.

हे नाव मला पाठ होतं. समुद्रापलीकडून येऊन इथे वसलेल्या पहिल्या घराण्यांची नावं चर्चसमोरच्या शिळेवर आहेत. नवं नाव कोरायचं तर वंशजाने पिढी दर पिढी पुरावा द्यायचा. बाबांचा अर्ज दोनदा परत आला होता – 'पूर्वज जोएलचे आईवडील सिद्ध होत नाहीत.' खाली सही, समितीचे अध्यक्ष हॅचर.

"तुम्हीच का ते!"

"मीच. तुमचे बाबा मला शिव्या द्यायचे, मग शिंपल्यांचं सूप पाजायचे. म्हणायचे, हॅचर, नाही म्हणायला छाती लागते."

हे मात्र अगदी बाबांसारखंच होतं.

मग आम्ही रोज चर्चच्या मागच्या खोलीत समोरासमोर बसून जुन्या नोंदवह्यांची पानं उलटू लागलो. वाचताना त्याचे ओठ हलायचे.

"काय बघतेस?"

"काही नाही... गालाला शाई लागलीय."

"तीनशे वर्षांपूर्वीची? ओली आहे अजून?"

"मग तीळ असेल," मी म्हणाले आणि मान खाली घातली.

दगडावरच्या वयावरून मी जोएलचा जन्म काढला आणि थबकले. गावात वसलेल्या पहिल्या विन्स्लेडचा मुलगा अमॉस हाच जोएलचा बाप, असं बाबा मानत. त्याचं थँकफुलशी लग्न झालं, त्यानंतर चारच महिन्यांनी जोएल जन्मला होता! अशा जोडप्याला तेव्हा भरसभेत उभं राहून दोष कबूल करावा लागे. त्याशिवाय बाळाचा बाप्तिस्मा नाही.

"एबेन, कबुल्यांची पानं कुठे आहेत?"

बाबांनी ती कधी उलटलीच नव्हती. आपली माणसं पापांच्या पानांत शोधावीत, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

तिथेच होतं. 'अमॉस विन्स्लेड व पत्नी थँकफुल यांनी उभे राहून दोष कबूल केला. पुत्र जोएल यास बाप्तिस्मा दिला.'

मी रडले नाही. एबेनने तरीही रुमाल माझ्या हाताशी सरकवून ठेवला.

पुरावा वंशजानेच सभेत वाचायचा असतो. लॉइस आत्या – बाबांची बहीण, समितीतली सर्वांत जुनी सभासद – कडाडली, "नाव नाही कोरलं तरी चालेल, पण ही शोभा नको!"

"आत्या, थँकफुल उभी राहिली. मी नुसतं वाचणार आहे."

रविवारी भरल्या चर्चमध्ये मी वाचलं. थँकफुल, कडेवर बाळ, सगळं गाव बघतंय... माझा आवाज कापला नाही. अशा बाईची मी वंशज, या विचाराने मान आपोआप ताठ झाली.

मतदानासाठी एबेन उठला. अडखळला.

"पुरावा पक्का आहे. पण माझं मत धरू नका. मी निःपक्ष राहिलेलो नाही. माझं अर्जदारावर... प्रेम आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "तिला सांगितलंयस का रे?"

"नाही." त्याचे कान लाल झाले होते. "तिलाही आत्ताच कळतंय."

आता समितीतल्या उरलेल्या तिघांचं एकमत हवं होतं. दोन हात वर गेले. आत्याचा मांडीवरच. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ एबेनकडे.

"उभा तरी राहिला," ती पुटपुटली आणि तिने हात वर केला. चांगला उंच.

टाळ्या थांबायची वाट न बघता मी पुढे गेले, एबेनच्या शेजारी उभी राहिले आणि चिटणिसांना म्हणाले,

"माझंही आहे. लिहून घ्या."