दोरीवर उरलेला चिमटा

"माह्या पोराले पोहता येत होतं, ताई. मंग थो बुडाला कसा, येवढंच मले सांगा."

देवीदास उंबरकार खुर्चीच्या कडेवर बसले होते. बार्शीटाकळीजवळच्या आपल्या फुलांच्या मळ्यातून बसगाड्या बदलत ते अमरावतीला आले होते. समोरचा चहा त्यांनी घेतलाच नव्हता.

ज्योत्स्ना काळमेघ यांनी पंखा वाढवला. विम्याच्या कामात लोकांच्या मरणाची कारणं शोधण्यात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर खासगी चौकशीचं हे कार्यालय त्यांनी उघडलं, आणि गेल्या वर्षापासून दर महिन्याला त्या ते बंद करायचं ठरवत होत्या. शेजारी चंद्रभान बसले होते. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते त्यांची गाडी चालवत, आणि प्रत्येक प्रकरणात हटकून चुकीच्या माणसावर संशय घेत.

"पहिल्यापासून सांगा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

देवीदासांचा मुलगा नितेश माल्टाला हॉटेलात नोकरीला होता. बायको प्रतीक्षा सोबत होती, पुढे तिचा धाकटा भाऊ योगेशही तिकडे गेला. भूमध्य समुद्रातलं ते बेट. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं वेड नितेशला तिथंच लागलं. शिकवणारा रोहित हा मूळचा अकोल्याचा. एका रविवारी रोहित, योगेश आणि नितेश पाण्याखालच्या एका गुहेत गेले. प्रतीक्षा बाहेर खडकावर बसली होती. तिघं आत गेले, दोघं जिवंत आले.

"तिथले पोलीस काय म्हणाले?"

"गाळ उठला, रस्ता चुकला, हवा सरली. अपघात." देवीदास थांबले. "गावातले लोक म्हणतात, पिऊन उतरला असंन. कोणी म्हणते, सुनेचंच काही हाये. पोरगी माहेरी निघून गेली. पण ताई, त्याले लहानपणी विहिरीत ढकलून पोहणं म्या शिकवलं. पाण्याचं भेव म्याच काढून टाकलं. रातभर झोप नाई. म्याच मारलं का त्याले?"

ज्योत्स्नाबाईंना या प्रकरणाला नाही म्हणायचं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि चंद्रभानना गाडी काढायला सांगितली.

दुपारी ते उंबरकारांच्या ओसरीवर पोचले. झेंडूचे ढीग पडले होते. नितेशची आई पार्बताबाई आतून एक निळी थैली घेऊन आल्या.

"त्याचं सामान. सुनेनं भरून देल्लं. खडकावर जे पडलं होतं थे."

थैलीत टॉवेल होता, गॉगल होता, जाड रबरी हातमोज्यांचा जोड होता. आणि तळाशी कपडे वाळत घालायचा एक प्लास्टिकचा चिमटा, त्याला लाल दोरा गुंडाळलेला.

"हा तर आपला घरचा चिमटा वाटते," चंद्रभान म्हणाले.

"माहाच हाय," पार्बताबाई म्हणाल्या. "मांगच्या दिवाळीले आला तवा घेऊन गेला. म्या म्हटलं, तिकडे भेटत नाई का? तर म्हणे, गुहेत लागते. अंधारात हाताले वयखू यावा म्हणून त्यानंच दोरा गुंडायला."

"त्याला गावी आणल्यावर तुम्ही पाहिलं?"

"पाह्यलं ना. चेहरा चांगला होता. हाताची मात्र सालटं निघाली होती, माय. सारी बोटं."

ज्योत्स्नाबाईंनी हातमोजे उलटून पाहिले. कुठंही फाटले नव्हते. त्यांनी ते परत ठेवले आणि पाणी मागितलं.

रोहित अकोल्यात परतला होता. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या एका गल्लीत त्याची खोली होती. दारावर नवीन पाटी होती: समुद्रात डुबकी मारायला शिका, कोकण सहल. भिंतीवर तरुण मुलामुलींचे हसरे फोटो होते.

तो मोकळेपणानं बोलला. या सगळ्याचा त्याला सराव झाला असावा.

"गुहा अरुंद आहे, मॅडम. एकामागे एकच जायचं. मी पुढे, मध्ये योगेश, शेवटी नितेश. मी दोरी सोडत जातो. येताना तीच दोरी धरून परत यायचं."

"मध्ये कुणी कुणाला ओलांडू शकतं?"

"सवालच नाही. टाकी खडकाला घासते."

"आणि चिमटे कशाला?"

रोहितनं चमकून पाहिलं. "तुम्हाला बरीच माहिती आहे. आत एका ठिकाणी डावीकडे फाटा फुटतो. तिथं प्रत्येकानं आपला चिमटा दोरीला लावायचा. बाहेर येताना आपला आपण काढून न्यायचा. चिमटा उरला, म्हणजे माणूस अजून आत आहे."

"दुसऱ्याचा चिमटा कुणी काढतं?"

"कधीच नाही. ती पहिली शिकवण. हातमोज्यांचंही तसंच, त्यांच्याशिवाय आत जायचं नाही. खडक करवतीसारखा आहे. आणि हवेचे तीन भाग करायचे. एक जायला, एक यायला, एक अडचणीसाठी."

"मग त्या दिवशी?"

"गाळ उठला. स्वतःचा हात दिसेना. मी दोरी धरून निघालो, माझ्यामागे योगेश. तोंडाशी लोखंडी शिडी आहे, तिनं वर आलो. नितेश आलाच नाही. त्यानं दोरी सोडली असणार. डाव्या फाट्यात सापडला. बचाव पथकाला दोरीवर एकच चिमटा मिळाला. त्यांनी विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, नितेशचा."

"तुम्ही परत आत गेला नाहीत?"

"हवा कुठं होती, मॅडम?"

गाडीत बसल्यावर चंद्रभान म्हणाले, "माणूस सरळ वाटला."

"तुम्हाला सगळेच सरळ वाटतात, चंद्रभानजी. संध्याकाळपर्यंत."

प्रतीक्षाचं माहेर तेल्हाऱ्याला होतं. तिकडच्या रस्त्यावर ऊन उतरत होतं. ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटले होते, पण त्या झोपल्या नव्हत्या.

योगेश अंगणात कापसाच्या गाठोड्याला टेकून बसला होता. पाहुणे पाहून उठला आणि लंगडत आत खुर्च्या आणायला गेला.

"पायाला काय झालं?"

"समुद्रातले काटे आहेत. तिकडे खडकाला काळे काटेवाले जीव चिकटलेले असतात, साळिंदरासारखे. त्यांच्यावर पाय पडला. डॉक्टरनं कापून काढले, तरी काही आतच राह्यले."

"केव्हा पडला पाय?"

"त्याच दिवशी." तो जमिनीकडे पाहत होता. "बाहेर आल्यावर."

"शिडीवर?"

"नाही... बाजूला. मले नीट आठवत नाही, मॅडम. रोहितभाऊनं सांगितलं असंन ना तुम्हाले? तसंच झालं सारं."

प्रतीक्षा पाणी घेऊन आली. गळ्यात काही नव्हतं. चेहरा असा होता, की कित्येक दिवसांत तिला कुणी काही विचारलं नसावं आणि तिनंही कुणाला काही सांगितलं नसावं.

"तुम्ही गुहेच्या तोंडाशी होतात," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आधी बाहेर कोण आलं?"

"रोहित." ती थांबली. "मग योगेश."

"आणि नितेश?"

"नाही आले."

"थैली तुम्हीच भरली?"

"हो. त्यांच्या वस्तू होत्या, तिथं कशा टाकून येऊ?"

"हातमोजे कुठं होते?"

तिच्या हातातला पेला कलंडला. पाणी ज्योत्स्नाबाईंच्या साडीवर सांडलं. तिनं माफीही मागितली नाही.

"उद्या सकाळी बार्शीटाकळीला या," ज्योत्स्नाबाई उठत म्हणाल्या. "दोघंही."

"सासूबाईंनी बोलावलं?"

"नाही. मी बोलावते आहे."

परतताना चंद्रभाननी निकाल देऊन टाकला. "बहीण-भावानं मिळून केलं, ताई. पोट्टी कशी घाबरली, पाह्यलं ना?"

"घाबरली नाही, दमली आहे. एकच खोटं रोज सांभाळून माणूस दमतो." त्यांनी खिडकीची काच खाली केली. "आज अकोल्यातच राहू. रोहितलाही उद्या यायला सांगू. अमरावतीपर्यंत जायचं त्राण नाही माझ्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सगळे जमले. देवीदास खांबाला टेकले होते. पार्बताबाई झेंडूची फुलं निवडत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. रोहित सर्वांत शेवटी आला आणि उभाच राहिला.

ज्योत्स्नाबाईंनी प्रस्तावना केली नाही.

"नितेश गुहेत वाट चुकला नाही. तो बाहेर आला होता."

पार्बताबाईंचे हात थांबले.

"हा त्याचा चिमटा." त्यांनी लाल दोऱ्याचा चिमटा पायरीवर ठेवला. "आत जाताना तो दोरीला लावला. दुसऱ्याचा चिमटा कुणी काढत नाही, असं रोहितच म्हणाले. मग हा खडकावर कसा आला? नितेशनं परत येताना स्वतः काढून आणला म्हणून."

"एखादा जास्तीचा असेल," रोहित म्हणाला.

"असेल. म्हणून क्रम पाहू. रोहित पुढे, योगेश मध्ये, नितेश शेवटी. अरुंद वाटेत कुणी कुणाला ओलांडत नाही. तोंड फिरवलं की शेवटचा माणूस पहिला होतो. मग पहिला बाहेर कोण येईल? नितेश. रोहित सर्वांत शेवटी यायला हवेत. तुम्ही दोघं मात्र सांगता, की नितेश तुमच्या मागे राहिला. हे त्या गुहेत होऊच शकत नाही."

चंद्रभान बोटांवर तिघांना उलटसुलट मांडत होते. "बरोबर हाय," ते पुटपुटले.

"तिसरी गोष्ट हातमोजे. हातमोज्यांशिवाय आत कुणी जात नाही. नितेशचे हातमोजे धड आहेत, आणि हात सोललेले. म्हणजे पहिल्यांदा तो हातमोजे घालून गेला. बाहेर आला, मोजे काढले. आणि पुन्हा आत गेला. इतक्या घाईनं, की मोजे चढवायलाही थांबला नाही."

"काहून?" देवीदास खांब सोडून पुढे आले. "बाहेर आल्यावर परत काहून गेला?"

"कुणीतरी आत राहिलं होतं. दोरीवर एक चिमटा उरला होता ना? तो नितेशचा नव्हता. रोहित शिडीनं वर आले, आपला चिमटा घेऊन. राहिला कोण?"

योगेशनं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"शिडीनं वर येणाऱ्याच्या पायात काटे जात नाहीत. योगेश गुहेच्या तोंडातून बाहेर आलाच नाही. तो दुसरीकडून निघाला आणि पायातले पोहण्याचे पंख काढून अनवाणी खडकांवरून चालत आला. डाव्या फाट्यातून, जिथं नितेश सापडला."

"मी व्हिडिओ काढाले वळलो," योगेश म्हणाला. त्याला रडू आवरेना. "खूप सुंदर दिसून राह्यलं होतं. मंग गाळ उठला, दोरी सापडेना. वरतं उजेड दिसला, एक भोक होतं, तिथून निघालो. चालत आलो तं ताई रडून राह्यली होती. भाऊजी माह्यासाठीच आत गेले होते."

"त्या गाळात नितेशला ते भोक दिसलं नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आणि टाकीत अडचणीसाठीचा तेवढा भाग उरला होता. ती हवा जायला पुरली. यायला नाही."

मग त्या रोहितकडे वळल्या. "तुम्ही तुमचा चिमटा काढलात तेव्हा योगेशचा चिमटा बोटांना लागलाच असेल. चिमटा उरला म्हणजे माणूस आत आहे, हे तुम्हीच शिकवता. तरी तुम्ही बाहेर आलात."

"मी घाबरलो होतो," रोहित म्हणाला. त्याचा मोकळा आवाज गेला होता. "तुम्ही आत असता तर कळलं असतं. हात थांबत नव्हते माझे."

"घाबरण्याला मी काही म्हणत नाही. पण नंतर तुम्ही मेलेल्या माणसाला मूर्ख ठरवलंत. तो परत गेला हे सांगितलं असतं, तर तुम्ही का गेला नाहीत हा प्रश्न आला असता. आता भिंतीवरच्या त्या पोरांना कोकणात नेणार आहात. नेता येणार नाही. मी आज माल्टाच्या पोलिसांना कळवते आहे."

रोहित काहीतरी म्हणणार होता. देवीदासांकडे पाहून त्यानं चपला घातल्या आणि तो फाटकाबाहेर गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

"मीच पाठवलं त्यांना," प्रतीक्षा म्हणाली. "रोहित हलत नव्हता. मी ओरडले, माझा भाऊ आत आहे, जा ना कुणीतरी. हे नुकतेच बाहेर आले होते. तुम्हाला काय सांगणार होते मी, आई? माझ्या भावासाठी तुमचा मुलगा घालवला, हे सांगू? रोहित म्हणाला गप्प राहा, मी राहिले."

रस्त्यावरून फुलांची गाडी हॉर्न वाजवत आली, थांबली, पुन्हा हॉर्न वाजवला.

"मंग थो चुकला नाई," देवीदास शेवटी म्हणाले.

"नाही."

"वाट माहीत होती त्याले."

"हो. जायची आणि यायचीही."

देवीदासांनी डोळ्यांवर हात धरला. मग गाडीवाल्याला थांबायला सांगायला ते फाटकाकडे गेले, आणि तिथंच पाठ करून उभे राहिले.

पार्बताबाईंनी पहिल्यांदाच सुनेकडे पाहिलं. "तू जा म्हटलं, तवा थो काय म्हणे?"

"काही नाही. 'आलोच' म्हणाले."

पार्बताबाईंनी मान हलवली. मांडीवरची फुलं त्यांनी टोपलीत टाकली, ओंजळीनं, हळूहळू.

"मले आज तुह्याकडे पाहवत नाई," त्या म्हणाल्या. "खोटं नाई बोलत. पण तेल्हाऱ्याले जाऊ नको. आत जा, तोंड धू. माहेरी राहून लोकायचं आयकू नको. उद्या काय वाटते, थे उद्या पाहू."

प्रतीक्षा उठली, पण तिचे पाय उंबऱ्यापाशी अडले. योगेशनं तिला धरलं. दोघं तसेच उभे राहिले.

ज्योत्स्नाबाईंनी चंद्रभानना खूण केली. त्यांचे गुडघे दुखत होते, आणि इथं आता त्यांचं काही काम नव्हतं.