चालत्या झाडांचा सिनेमा

सांगायची मला हौस न्हाई. सांगून कुणाचं भलं बी झालं न्हाई. पण नात वैष्णवी वही घेऊन बसलीय, आन ही पोर हट्टाला पेटली की जेवू बी देत न्हाई. तर ऐका. मधी कुणी बोलू नका.

अडतीस वर्षांखाली मी ऊसतोडीचा मुकादम होतो. टोळी घेऊन कारखान्यावर गेलतो. टोळीत म्हाळू आन बंकट हे सख्खे भाऊ. आमच्यात दोन माणसांचा एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकट्यानं उसाच्या फडात शिरायचं न्हाई.

तवा कारखान्यापाशी तंबूत इंग्रजी सिनेमा लागलता. झाडं मुळं उपटून चालत येतात आन माणसं खातात, असला. म्हाळू दुपारीच मोळ्या टाकून तिकडं पळाला. बंकट म्हणला, मुकादम, शेवटची सरी राहिलीय, एकटाच तोडतो. मी जा म्हणलो. ती माझी चूक, मान्य हाय. दिवस मावळता तो उसात शिरला, तो काही बाहेर आला न्हाई. सकाळी आमी सगळा फड तोडून झोपवला. खाली कोयता न्हवता, चप्पल बी न्हवती.

म्हाळूनं गावात काय सांगितलं? म्हणे, मी फडातच होतो, मुकादमानं माझ्या डोळ्यांदेखत भावाला मारून पुरलं. पोलिसांनी चौकशी करून मला घरी पाठवलं. गाव अजून खुनी मुकादमच म्हणतं.

औंदा वैष्णवीनं तोच सिनेमा मोबाईलवर हुडकला आन टीव्हीला जोडला. मी म्हाळूला बोलावून घेतलं. चार माणसांत न्हाई, नुसतं माझ्यासमोर त्यानं खरं कबूल करावं, एवढंच मला पाहिजे होतं.

भर दुपार होती. उजेड नको म्हणून दार लोटलं. सिनेमा जुना, काळापांढरा. झाडं हलायला लागली की आवाज यायचा तो कोरडा, उसाच्या पात्याला पातं घासल्यावानी. मग घरात वास आला. ताज्या तोडलेल्या उसाचा. वैष्णवी उठून चुलीपाशी बघून आली. काही न्हवतं.

पडद्यावर एक गोरी बाई पळत होती. तिच्यामागं झाडांच्या रांगेत, धोतर खोचलेला एक माणूस वाकून तोडत होता. डाव्या हातानं. आमच्या टोळीत डावखुरा एकच, बंकट. तो सरळ झाला, आन आमच्याकडं बघायला लागला.

मी म्हणलो, "म्हाळू... दिसतंय का तुला?"

म्हाळू टीव्हीच्या जवळ सरकला. मग हळूच म्हणला, "तंबूतल्या पडद्यावर बी होता, मुकादम... तवा पाठ होती त्याची."

"आन तू मला खुनी म्हणलास बे?"

"हाका मारत होता मला... मी उठलो न्हाई. सिनेमा संपूस्तोवर बसलो..."

मी म्हणलो, आता माफीचा एक शब्द बोल, मग जा. त्यानं चपला घातल्या. माझ्याकडं बघितलं बी न्हाई, टीव्हीकडंच बघत होता. "त्याला माणूस कमी हाय," एवढं म्हणून निघाला.

त्याचं घर माझ्या दारातून दिसतं. मधी ऊस न्हाई, झाड न्हाई, नुसतं नांगरलेलं रान. वैष्णवी दारात उभी होती. तिला तो अर्ध्या वाटेपर्यंत दिसला. घरी पोचला न्हाई. बारा दिवस झाले. त्याची पोरं परत माझ्याकडंच बोट दाखवतात.

काल वैष्णवीनं सिनेमा परत लावला. मी अंगणात पाठ करून बसलतो. आतून तिनं इचारलं, "आबा... ह्यो पाठमोरा मोळी बांधणारा कोण हो?"

मी गेलो न्हाई बघायला. मला तोंड बघायचं न्हाई त्याचं. तो कुठं बी असू दे, अडतीस वर्षांची माझी माफी त्यानं मागावी. त्या म्हाळूनं.