कांद्याला पाणी कोण देतं?

तेजस्विनी झुंबरलालजींच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पहिल्यांदा शिरली, ती एसटी चुकली म्हणून. घोडेगावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून ती रोज निरगुडसरला परत जायची. पुढच्या गाडीला पाऊण तास होता, आणि काचेच्या कपाटात होल्डर-बटणांशेजारी चक्क सोल्डरिंगची गन दिसत होती.

"चाळीस पायांची मायक्रोकंट्रोलर चिप मिळेल?" तिने सहज विचारलं.

काउंटरमागे कामाला असलेल्या पीयूषने हातातली वायर खाली ठेवली. या दुकानात लोक बल्ब मागायचे, फार तर मिक्सरचं भांडं. "इथं नाही मिळणार. पण मंगळवारी पुण्याला माल आणायला जातो मी, तेव्हा आणीन. बनवताय काय?"

तेजस्विनीने पिशवीतून वहीएवढा लॅपटॉप काढला आणि काउंटरवरच उघडला. वर्षभर पगार साठवून घेतलेला, तिचा जीव की प्राण. शेतातल्या विहिरीवर एक पेटी बसवायची, तिला जुना मोबाइल जोडायचा. त्यावर दोन रिंगा देऊन कट केलं की मोटर चालू. रिंग पूर्ण वाजू दिली की बंद. वडिलांची, आप्पांची, रोजची पायपीट वाचेल.

"म्हणजे मिसकॉलवर पाणी?" पीयूष हसला. हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची — हे तिने पाहिलं, आणि पाहिलं म्हणून घाईघाईने स्क्रीनकडे पाहिलं.

"फुकटात," ती म्हणाली.

"मग तुमचा नंबर द्या. माल आला की मी पण फुकटातच कळवतो."

मग ती दर आठवड्याला काही ना काही मागायला येऊ लागली. कधी रिले, कधी रेझिस्टर. खरं सांगायचं तर निम्मे रेझिस्टर तिच्याकडे आधीच होते. चिपच्या पाकिटावर एकदा त्याने पेनाने स्वतःचा नंबर लिहून दिला — 'अडलं तर'. ते पाकीट तिने लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवलं. रोज बघायची, पण फोन... छे.

डिसेंबर लागता लागता पेटी बसली. स्क्रीन गेलेला एक हँडसेट तिने पेटीला जोडला, त्यात आपलं जुनं सिम घातलं आणि स्वतःला नवं घेतलं. नवा नंबर सगळ्यांना कळवला. एकट्या पीयूषसाठीचा मेसेज मात्र चारदा लिहिला, चारदा खोडला. उगीच काय कळवायचं? त्याला काय वाटेल? आणि फोन आप्पांचाच आहे ना, हे तपासायच्या चार ओळी प्रोग्रॅममध्ये लिहायचाही तिने कंटाळा केला. त्या नंबरावर आता आप्पांशिवाय कोण करणार होतं?

पहिले चार दिवस आप्पांची छाती फुगली होती. पाचव्या संध्याकाळी मोटर आपोआप चालू झाली. सहाव्या संध्याकाळी पुन्हा. कांद्याच्या नव्या लागणीचे वाफे तुडुंब भरले.

आठव्या दिवशी आप्पा चिखलाने भरलेले पाय घेऊन दारात उभे राहिले. "तेजे, कांदा सडंल आता. उद्या परत पानी सुटलं तर पेटी उपटून फेकीन. आन् त्यो लॅपटॉप बी इकून टाकायचा. लई झाला खेळ."

 तेजस्विनी तशीच विहिरीवर गेली आणि लॅपटॉपची केबल पेटीला जोडली. आलेल्या प्रत्येक कॉलची नोंद ठेवायची ओळ तिने लिहिली होती, तेवढं नशीब. स्क्रीनवर आकडे उमटले. आप्पांचा नंबर सकाळचा. संध्याकाळचा मात्र दुसराच. पाच बत्तीस. पाच पस्तीस. पाच एकतीस. दररोज, दोन रिंगा आणि कट.

या वेळेला कोण बरं... झुंबरलालजी पडले जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी जायचे, ते बरोबर साडेपाचला. तेवढा अर्धा तास दुकानात पीयूष एकटा असायचा.

तिने मान वर केली. झाकणावरच्या पाकिटावर तोच नंबर होता. तिला हसू आवरेना. चिखलात उभी राहून ती एकटीच हसत होती, आणि काळीज मोटरीसारखं धडधडत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली. गल्ल्यावर झुंबरलालजी होते.

"आमच्या कांद्याला रोज संध्याकाळी पाणी कोण देतं, माहितीये?" ती हळूच पीयूषला म्हणाली.

पीयूषला आधी काही कळेना. मग तिने सिमचं सांगितलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे ते... सगळं पाणी मी..."

"माल आला होता का?"

"पहिल्या दिवशी आला होता." तो हातातली वायर उगीच गुंडाळू लागला. "नंतर... तुम्ही उचलला तर काय बोलायचं, तेच ठरत नव्हतं. म्हणून दोन रिंगा झाल्या की कट करायचो."

"पूर्ण वाजू दिली असती तर मोटर तरी बंद झाली असती." तिने नवा नंबर लिहिलेला कागद पुढे सरकवला. "आजपासून यावर. आणि पूर्ण वाजू द्यायची."

"काय पाहिजे गं बाई?" झुंबरलालजींनी विचारलं.

"रेझिस्टर, काका."

चारची एसटी पकडून तिने विहीर गाठली आणि त्या चार ओळी लिहिल्या. पेटी आता फक्त आप्पांचं ऐकणार होती. आप्पा बांधावर कंबरेवर हात ठेवून उभे होते. साडेपाच वाजले. पाच पस्तीस. पाच चाळीस झाले तरी मोटर गप्प होती.

"ऱ्हाऊ दे पेटी," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. एक रिंग... दोन... तिने श्वास रोखला. तीन. चार.

"उचल की," आप्पा म्हणाले.

तिने उचलला. पलीकडून मध्येच कोणी लाईन तोडेल की काय अशा घाईने शब्द आले, "तेजस्विनी, मला तुम्ही लई आवडता."

"मला पण," ती म्हणाली. एवढंच. पण कांद्याचे सगळे वाफे आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं.

"कोन हाये?" आप्पांनी विचारलं.

"घोडेगावचं दुकान. माल आलाय म्हणतात."

"मंग उद्या जाऊन घिऊन ये."

"जाते," तेजस्विनी म्हणाली. फोनमध्ये पीयूष हसत होता, आणि त्याच्या गालावरची खळी तिला इथे बांधावरूनही दिसत होती.