बिनखिशाची डांगरी

इंजिन उघडलं आणि आत बोल्ट सापडला. व्हेटर्न तळ्याकाठच्या विमान कारखान्यात एकच ओरड झाली, "इंग्रजाने घात केला!"

आदल्या दिवशी स्वीडनचं नवं जेट लढाऊ विमान धावपट्टीवरच पेटलं होतं. वैमानिक फोल्के भाजून दवाखान्यात पडला होता. तसंच दुसरं विमान त्याचा धाकटा भाऊ लेनार्ट उद्या उडवणार होता.

इन्स्पेक्टर रूडबर्ग पोहोचला तेव्हा क्लेमंट हा इंग्रज फिटर कोपऱ्यात उभा होता. सगळ्यांच्या हातात कॉफी होती, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. रूडबर्गला आपल्याच माणसांची चीड आली.

"बेड्या ठोका त्याला!" कोटाच्या खिशात हात खुपसून मुख्य इंजिनियर ब्रंडेल कडाडला. "बोल्ट इंची मापाचा आहे. आमचं सगळं मिलिमीटरमध्ये असतं. यांना यांची विमानं आपल्या गळ्यात मारायचीत."

"मग घ्यावीत की," रूडबर्ग म्हणाला.

"विसरलात? महायुद्धात आपण पैसे मोजून घेतलेली विमानं अमेरिकेने दिलीच नाहीत, ठेवून घेतली. शत्रू उंबऱ्यावर, आणि आपण हात चोळत बसलो! आता जे उडेल ते आपलंच."

म्हणजे आपला तो बाब्या, रूडबर्ग मनात म्हणाला. तो क्लेमंटकडे वळला.

"खिशात काय आहे?"

"कामाच्या या डांगरीला खिसे कुठायत साहेब? इंजिनात काही पडू नये म्हणून सगळ्यांचे शिवून टाकलेत. दारावर तळहातसुद्धा बघतात."

"इंजिनात हवा कुठून शिरते?"

"समोरून."

रूडबर्गने बॅटरी घेऊन आत पाहिलं. हवा ओढणाऱ्या पुढच्या चाकाची पाती चकचकीत होती, एक ओरखडा नाही. आगीच्या झोताने फिरणाऱ्या मागच्या चाकाची पाती मात्र तुटून, वितळून गेली होती. त्याने बोल्ट हातात घेतला. नवाकोरा होता.

"बोल्ट समोरून ओढला गेला असता, तर आधी पुढची पाती फुटली असती," तो सावकाश म्हणाला. "आगीतून गेलेला बोल्ट काळा पडला असता. हा आग विझल्यावर ठेवलाय. मागची पाती आपली आपणच तुटली, धातूच कच्चा होता. आणि डांगरीवाल्याला बोल्ट आत आणता येत नाही. इथे खिशाचा कोट एकाच माणसाच्या अंगात आहे. त्याची झडती घ्यायची पहारेकऱ्याची छाती नाही."

सगळ्यांचे डोळे ब्रंडेलवर खिळले.

"पाती कच्ची आहेत म्हटलं असतं, तर हवाई दलाने परक्यांचं विमान घेतलं असतं!" ब्रंडेल ओरडला. "दहा वर्षं घातलीत मी यात! सुधारली असती मी पाती, मागाहून."

"दुसऱ्या विमानात कुठली पाती आहेत, साहेब?" गर्दीतून पुढे येत लेनार्टने विचारलं.

ब्रंडेलने तोंड फिरवलं.

"सांगा ना. उद्या मी बसणार होतो त्यात."

"तीच," ब्रंडेल पुटपुटला.

बेड्या त्याच्याच हातात पडल्या. लेनार्टने कॉफी ओतली आणि कप क्लेमंटपुढे धरला.

"सकाळी दिली असतीत, तर घेतली असती," क्लेमंट म्हणाला आणि दुसऱ्या विमानाचं इंजिन उतरवायला गेला.