वेगळा पेला

तंत्रज्ञ तबस्सुम नदाफने पाण्याचा ग्लास पुढे केला, तसे तपासणीला आलेले रावसाहेब मगदूम एक पाऊल मागे सरले. कापडी पिशवीतून त्यांनी स्वतःचा स्टीलचा पेला काढला.

"यात वता, बाई."

संगणकाच्या पडद्यासमोर बसलेल्या डॉक्टर गुळवणींनी ते पाहिलं आणि उगाचच चष्मा पुसला. निवृत्तीनंतर तालुक्याच्या या छातीतपासणी केंद्रात ते आठवड्यातून दोन दिवस येत. फुप्फुसांचं वाचन आता 'धूलिलेख' नावाचं यंत्र करी. पण रोगाचं निदान रुग्णाला माणसानेच समजावून सांगायचं, असा नियम होता. सांगितल्याची खूण डॉक्टरने केल्याशिवाय तपासणी पुरी होत नसे.

मगदूम ओतकामाच्या कारखान्यात बावीस वर्षं वाळूचे साचे करत होते. गुळवणी तिथले डॉक्टर होते तोवर दरवर्षी त्यांनीच मगदुमांचा एक्स-रे पाहिला होता.

"तुम्ही हाईसा म्हणून आलो," यंत्राच्या फळीवर आडवं होत मगदूम म्हणाले. तेवढ्यानेही त्यांना दम लागला. "बाई, हे मशीन तंबाखू खाल्ल्याली बी ओळखतंय काय? पोरगी भायेर बसलीया, तिला सांगू नका."

"काका, श्वास धरा आता. नाहीतर आत्ताच जाऊन सांगते," तबस्सुम हसली.

यंत्राची कमान छातीवरून दोनदा फिरली. पडद्यावर फुप्फुसं उमटली, आणि वरच्या भागात पेरल्यासारखे नारिंगी ठिपके.

जुन्या एक्स-रेत सगळेच डाग पांढरे दिसत. क्षयाचा कोणता नि धुळीचा कोणता, हे वाचणाऱ्याने आपल्या अंदाजाने ठरवायचं. धूलिलेख कमीजास्त शक्तीचे क्ष-किरण एकदम सोडी आणि कोणता कण कोणते किरण अडवतो, त्यावरून पदार्थ ओळखी. वाळूची धूळ नारिंगी, क्षयाचे कधीच न पुसले जाणारे वण निळे. शिवाय आत गेलेल्या कणाभोवती शरीर तंतूंचं वेष्टन चढवत राहतं. त्याची जाडी मोजून कण कोणत्या वर्षी आत गेला, तेही यंत्र सांगे.

गुळवणी निळा ठिपका शोधू लागले. चित्र मोठं केलं, उलटं फिरवलं, पुन्हा सुलटं केलं. एक सापडला असता तरी पुरे होता.

"नाहीये, सर," तबस्सुम हळूच म्हणाली.

पडद्यावर प्रश्न आला : 'जुने एक्स-रे जुळवायचे? उपलब्ध : अकरा.'

गुळवणींचं बोट हवेतच राहिलं. नको म्हटलं तरी आजचं निदान बदलणार नव्हतं. सिलिकोसिस, वाळूच्या धुळीने होणारा रोग. उपचारही तेच. मागचं कोणाला कळलं नसतं. तबस्सुम खिडकीबाहेर पाहू लागली.

त्यांनी 'हो' दाबलं.

'वाळूची धूळ : हेच ठिपके सोळा वर्षांपूर्वीच्या चित्रातही आहेत. त्या वेळचा अहवाल : क्षय. सही : वि. गुळवणी. क्षयाचा वण : आज नाही, म्हणजे तेव्हाही नाही.'

त्यांना तो अहवाल आठवत होता. त्यावर आधी त्यांनी पेन्सिलीने 'धूळ?' असं लिहिलं होतं. मग वाटलं, आपण कुठले एवढे तज्ज्ञ? शहरातले मोठे डॉक्टर असे डाग क्षयाचेच म्हणतात. त्यांनी ते खोडलं होतं.

मगदूम शर्टाची बटणं लावत लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"रावसाहेब, जवळ बसा."

"हितंच बरं हाय. तुमचं बी वय झालंय."

"ही वाळूची धूळ आहे. आत गेली की निघत नाही. दम वाढत जाईल. साच्यांचं काम आजपासून बंद."

मगदुमांनी मान हलवली. "वाटलंच हुतं. संगतीचं दोघं तसंच गेलं. म्हंजे क्षयावर आनि हे एक."

"क्षय नाही." गुळवणी त्यांच्याकडे वळले. "तो तुम्हाला कधीच नव्हता. मी चुकलो. तेव्हाच मला शंका आली होती, आणि मी ती खोडली."

"आनि गोळ्या? दोन डाव खाल्ल्या की मी. डाग हटंनात. आनि तुम्हीच पयल्यापास्नं म्हणालासा, भांडं येगळं ठेवा, ल्हान पोरापास्नं लांब ऱ्हावा."

"म्हणालो होतो."

मगदूम पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. "म्हंजे हे दुसऱ्याला लागत न्हाई?"

"नाही."

"आत्ता लागत न्हाई, का तवा बी लागत नव्हतं?"

"तेव्हाही नव्हतं."

दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावर त्यांची मुलगी समृद्धी वही वाचत बसली होती. शेजारची जागा तिने सवयीने रिकामी सोडली होती. त्या जागेच्या पलीकडे वडिलांची चप्पल होती.

"ती रांगत हुती तवा," मगदूम म्हणाले. "माझ्याकडं यायला लागली की तिची आई उचलून न्यायची. मीच सांगितल्यालं."

पडद्यावर चौकट लुकलुकत होती : 'रुग्णाला सांगितले?' गुळवणींनी अजून खूण केली नव्हती.

मगदूम उठले. पेला पिशवीत घालता घालता थांबले आणि त्यांनी तो टेबलावर, तबस्सुमच्या ग्लासाला लागून ठेवला.

"डाक्टर," दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "सतरा वर्सांच्या पोरीला बाप पयल्यांदा जवळ कसा घेतो ओ?"